शून्याला पाट

टिपणीस साहेबांच्या खोलीत शिरायचं म्हणजे आधी दारात झडती द्यावी लागायची. अंगावर लोकरीचं काही आहे का? केसांना खोबरेल? तोंडाला पावडर? आत्ता काय खाल्लंत, आणि हात कशाला पुसलेत? शेवटचा प्रश्न ते फार गंभीरपणे विचारायचे, कारण मानपाड्याच्या आमच्या छोट्याशा कंपनीत दुपारच्या चहाबरोबर वडे यायचे, आणि वडा खाऊन पँटला हात पुसणाऱ्यांत माझा नंबर पहिला होता.

"लेखकराव, तुमच्या बोटांवर जे तेल आहे ना, त्यातून वीज गळते."

"साहेब, मला तर कधी शॉक बसला नाही."

"बसणार नाहीच. ती इतकी बारीक असते की आपण वाहतोय हे तिचं तिलाही कळत नसेल. मला मात्र कळतं."

लेखकराव म्हणजे मी. मराठीत एम. ए. करून मी या मोजयंत्रांच्या कंपनीत लागलो ते यंत्रांची माहितीपुस्तकं लिहायला. यंत्र चालू कसं करावं, बंद कसं करावं आणि आपोआप बंद पडलं तर कुणाला फोन करावा, एवढंच माझं साहित्य. पण टिपणिसांनी पहिल्याच दिवशी मला 'लेखकराव' करून टाकलं, आणि त्यात टिंगल किती आणि कौतुक किती याचा अंदाज मला शेवटपर्यंत आला नाही.

साहेब उंच, किडकिडीत, कायम पांढऱ्या सुती शर्टात. सुतीच का, तर नायलॉन अंगावर घासलं की वीज साठते आणि त्यांच्या मीटरचा काटा थयथयाट करतो. कंपनीतले बाकीचे लोक व्होल्ट आणि अँपिअरमध्ये बोलायचे. टिपणीस पिकोअँपिअरमध्ये जगायचे. पिकोअँपिअर म्हणजे एका अँपिअरचा लाख-कोटीवा भाग. एवढी वीज असली काय आणि नसली काय, असं तुम्हाआम्हाला वाटेल. त्यांना हे वाक्य ऐकवलंत तर ते तुम्हाला खुर्ची द्यायचे नाहीत. त्यांच्या पत्नी एकदा मला म्हणाल्या, "ह्यांना पिकोअँपिअर दिसतो हो, पण गॅसवर उतू चाललेलं दूध दिसत नाही."

त्यांच्या टेबलावर एक उघडं सर्किट आणि काट्याचा एक जुना मीटर असे. ते दाराकडे पाठ करून बसायचे. बाहेरच्या पॅसेजमधून कुणी गेलं की काटा जरा हलायचा, आणि साहेब मागे न बघता सांगायचे, "शेखर आला. नायलॉनचे मोजे." शेखर म्हणजे आमचे तरुण मालक. वडील वारल्यावर कंपनी त्यांच्याकडे आली होती. बिचारे खरंच नायलॉनचे मोजे घालायचे. मला हा सगळा बनाव वाटायचा, म्हणून एकदा मी बूट काढून, अनवाणी, भिंतीला चिकटून चोरासारखा दारापाशी गेलो. आतून आवाज आला, "लेखकराव, बूट घाला. फरशी गार आहे." काट्याने सांगितलं की माझ्या पोटातल्या वड्याने, देव जाणे.

त्या खोलीत मुक्त प्रवेश फक्त एका व्यक्तीला होता. शैला पाटील. बाई तिथल्याच आगरी गावातल्या, कंपनी सुरू झाल्यापासून सोल्डरिंगला होत्या. हात असा स्थिर, की साहेब म्हणायचे, पाटीलबाई जोड देतात तेव्हा मी चहाचा कपसुद्धा खाली ठेवत नाही, उगाच टेबल हलायचं. बाई मात्र साहेबांचं सोवळं फार मनावर घ्यायच्या नाहीत. एकदा साहेबांनी श्वासातल्या दमटपणावर व्याख्यान दिलं, तेव्हा बाईंनी मान वर न करता विचारलं, "सायेब, मंग श्वास बी बाहेर जाऊन घ्यायचा काय?" साहेबांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, "जमलं तर बरं होईल."

आता त्या पाटाबद्दल सांगतो, कारण टिपणीस म्हटलं की आमच्याकडे सगळ्यांना आधी पाट आठवतो.

साहेबांचं सर्किट एकाच बॅटरीवर चालायचं. त्यात ऑप-अ‍ॅम्प नावाची चिप असते, तिचं काम न दिसणाऱ्या विजेला दिसण्याइतकं मोठं करणं. हे मला त्यांनी इतक्यांदा समजावलं की आता झोपेतही सांगता येईल. बॅटरी एकच, म्हणजे चिपला शून्यापासून वर जाता येतं, शून्याच्या खाली जाता येत नाही. पण जे मोजायचं ते एवढंसं, की ते शून्याच्या आसपासच घुटमळणार, कधी वर, कधी जरासं खाली. खाली जागाच नसेल तर चिप बिचारी जमिनीला टेकते आणि मुकाट्याने शून्य दाखवते.

"म्हणजे खोटं बोलते," साहेब म्हणायचे. "तिचा दोष नाही. आपण तिला अडचणीत टाकलं. मग करायचं काय? शून्याला जमिनीवर बसवायचंच नाही. पाहुण्याला आपण पाट देतो की नाही? तसा शून्याला पाट द्यायचा. जरा उंचावर बसवायचं. आता ते खाली घसरलं तरी जमिनीला लागत नाही, आणि किती घसरलं ते आपल्याला दिसतं."

या उचललेल्या शून्याला इंग्रजीत भारदस्त नाव आहे. पण आमच्याकडे साहेबांपासून पाटीलबाईंपर्यंत सगळे त्याला पाटच म्हणायचे. "पाट हलतोय", "पाट जरा वर घ्या", "आज पाट बरोबर बसलाय." बाहेरचा माणूस ऐकेल तर त्याला वाटेल, आत मुंज चालली आहे. मीही सवयीने इंग्रजी माहितीपुस्तकात ठोकून दिलं, 'पाट व्होल्टेज तपासून घ्यावे.' 'पाट' तेवढा ठळक कॅपिटल अक्षरांत, कारण मुद्दा महत्त्वाचा. पुस्तक छापून गेलं. पुढे चेन्नईच्या एका गिऱ्हाइकाने अतिशय अदबीने विचारणा केली की पी-ए-टी या संक्षेपाचा विस्तार काय? शेखर सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माझा चेहरा बघून त्यांनीच 'प्रिसिजन अ‍ॅडजस्टेड थ्रेशोल्ड' असं काहीतरी जुळवून कळवून टाकलं. टिपणिसांना हे सांगितलं, तेव्हा ते डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. मग म्हणाले, "पुढच्या आवृत्तीत चौरंग लिहा."

साहेब विठ्ठलवाडीला राहायचे. त्यांच्या डोक्यावर, म्हणजे वरच्या मजल्यावर, देशमुख नावाचे गृहस्थ होते. देशमुखांच्या मोरीतलं पाणी टिपणिसांच्या छतातून ठिबकायचं, आणि देशमुख म्हणायचे, ते आमचं पाणीच नव्हे. वर भांडायलाही तेच खाली यायचे. सबंध चाळीस उंबऱ्यांच्या सोसायटीत त्यांच्या आवाजाचा दरारा होता. टिपणिसांनी त्यांच्यावर सर्किटमधला इलाज केला. सर्किटमध्ये नाजूक जागेकडे वीज गळू नये म्हणून तिच्याभोवती तांब्याचं एक कडं घालतात आणि त्या कड्याची पातळी नेमकी आतल्याइतकीच ठेवतात. दोन्हीकडे पातळी सारखी असली की वाहायला कारणच उरत नाही.

देशमुख ओरडले की टिपणीस बरोब्बर तेवढ्याच आवाजात बोलायचे. तसूभर जास्त नाही, तसूभर कमी नाही. देशमुखांनी आवाज चढवला की यांचाही चढायचा, त्यांनी उतरवला की यांचाही उतरायचा, आणि बोलणं काय, तर "पाणी तुमचंच आहे, आणि चहा घेऊन जा." मी एका रविवारी हे प्रत्यक्ष पाहिलं. काही वेळाने देशमुख इतके दमले, की ते कुजबुजायला लागले. साहेबही कुजबुजायला लागले. दोन पोक्त गृहस्थ जिन्यात उभे राहून एकमेकांच्या कानाशी भांडत होते. शेवटी देशमुखांनी चहा घेतला आणि पुढच्याच आठवड्यात प्लंबर बोलावला.

अशा माणसाचं देवाशी जमणं कठीणच. भांडण नव्हतं, पण देवाने आपल्या खोलीत राहावं आणि आम्ही आमच्या, असा त्यांचा एकंदर हिशेब. पंचाईत व्हायची ती खंडेनवमीला. त्या दिवशी कारखान्यातल्या सगळ्या हत्यारांची पूजा. लेथपासून पक्कडीपर्यंत सगळ्यांना हळद-कुंकू आणि झेंडूचं फूल. माझ्या कॉम्प्युटरच्या कपाळावरही बोट उमटायचं. पूजेचा मान पाटीलबाईंचा. त्या तबक घेऊन निघाल्या की साहेब आपलं सर्किट काचेच्या कोरड्या पेटीत ठेवायचे, कुलूप लावायचे, किल्ली शर्टाच्या खिशात टाकायचे आणि पेटीला पाठ लावून उभे राहायचे.

"सायेब, एक दिवस तरी देवाला आत येऊ द्या की."

"येऊ द्या. फक्त कोरडं यायचं आणि कशाला हात लावायचा नाही."

"कुंकवानं काय होतंय एवढं?"

"गळती होते, पाटीलबाई. कुंकू दमट हवा ओढून घेतं. तुमची श्रद्धा मला चालेल, पण ती वीज वाहून नेते."

बाई मग दाराच्या चौकटीलाच बोट टेकवायच्या. दर वर्षी हा संवाद थोड्याफार फरकाने असाच व्हायचा, आणि आम्ही सगळे प्रसाद खात तो ऐकायला जमायचो.

मी सांगतोय त्या वर्षी मात्र हवा वेगळी होती. शेखर सर वाईट माणूस नव्हते, पण परदेशी बनावटीचं तयार मॉड्यूल मिळत असताना एक खोली, एक म्हातारा इंजिनियर आणि एवढं सोवळं कशाला, हे त्यांच्या डोक्यात बसलं होतं. साहेबांनी तेव्हा एक नवीन यंत्र केलं होतं. पाण्याच्या नमुन्यात एक रसायन टाकायचं, पाण्यात जंतू असतील तर ते डोळ्याला दिसणार नाही इतकं मंद चमकतं, आणि ती चमक हे यंत्र मोजणार. ठाण्याची एक प्रयोगशाळा ते तपासून बघायला तयार झाली होती. शेखर सर सगळ्यांसमोर म्हणाले, "टिपणीस काका, ठाण्याला पास झालं तर तुमची खोली राहिली. नाही झालं तर मी मॉड्यूल मागवतो, आणि तिथे पॅकिंग हलवतो."

साहेब एवढंच म्हणाले, "बरं."

पण त्या दिवसापासून त्यांनी दारातली झडती घ्यायचं सोडलं. मी मुद्दाम वड्याचा हात घेऊन आत गेलो, तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला ते अजिबात आवडलं नाही. खंडेनवमीला यंत्र पेटीत गेलं, कुलूप लागलं, किल्ली खिशात गेली, पण बाईंशी संवाद झाला नाही. बाई चौकटीला बोट लावून गुपचूप निघून गेल्या.

दसरा झाल्यावर आम्ही ठाण्याला निघालो. शेखर सर गाडी चालवत होते. यंत्राचं पुस्तक माझं, म्हणून मीही होतो. साहेब मागे बसले होते, यंत्र मांडीवर घेऊन. शीळ रस्त्यावरचे खड्डे काय वर्णावेत! प्रत्येक खड्ड्याला साहेब यंत्र दोन्ही हातांनी उचलून धरायचे, म्हणजे निदान प्रयत्न तरी करायचे, कारण खड्डा आधी यायचा आणि हात नंतर.

प्रयोगशाळेच्या प्रमुख सामंत मॅडम होत्या. मोजकं बोलणाऱ्या, चष्म्यावरून बघणाऱ्या. त्यांनी यंत्रात रिकामी कुपी ठेवली, झाकण लावलं आणि विचारलं, "आता आत पूर्ण अंधार आहे. किती दाखवायला हवं?"

"शून्य," साहेब म्हणाले.

यंत्राने शून्य दाखवलं नाही. आकडा वर चढत गेला, थोडा डुचमळला आणि तिथेच रेंगाळला.

"हे तर उजेड आहे म्हणतंय," मॅडम म्हणाल्या. "उद्या स्वच्छ पाण्यालाही हे दूषित म्हणेल."

साहेबांनी पंखा बंद करायला लावला. आम्हाला लांब उभं केलं. शेखर सरांना मोजे काढायला लावले, आणि ते एवढे घाबरले होते की त्यांनी मुकाट्याने काढले. आकडा ढिम्म हलला नाही. शेखर सरांनी एका हातात मोजे धरून दुसऱ्या हाताने मोबाइल काढला. मॉड्यूलवाल्याचा नंबर शोधत होते, हे मला दिसत होतं. साहेबांना पण दिसत असणार.

साहेबांनी स्क्रू काढले आणि यंत्र उघडलं. आत, त्या सगळ्यात नाजूक जागेवर, तांब्याच्या कड्याच्या आत-बाहेर, लाल कण सांडले होते.

"कुंकू!" शेखर सर ओरडले. "पाटीलबाई! शंभर वेळा सांगूनसुद्धा! लावा हो त्यांना फोन, आत्ताच्या आत्ता लावा."

मी फोन बाहेर काढला.

"ठेवा तो," साहेब म्हणाले. "किल्ली माझ्याकडे होती. कुंकू मी लावलं."

साहेब झाकण उलटं करून मॅडमना दाखवू लागले. आतल्या बाजूला, एका कोपऱ्यात, बोटाचा लाल ठसा होता, अर्धा खरवडून गेलेला. "ही जागा मी नीट बघून निवडली होती. इनपुटच्या नाजूक जागेपासून सगळ्यात लांबचा कोपरा. मध्ये पत्र्याचा आडोसासुद्धा आहे. दमटपणाचा विचार केला, अंतराचा केला. वाळलेलं कुंकू खड्ड्यांनी झडेल, हे काही सुचलं नाही."

"पण तुम्ही लावलंत कशाला?" मॅडमनी विचारलं.

"भीती वाटली हो. खोली जाईल म्हणून."

हे ते इतक्या साध्या आवाजात म्हणाले, की शेखर सरांनी मोबाइल खिशात टाकला आणि खाली बघत मोजे घालायला लागले.

मग साहेबांनी स्पिरिट मागितलं, मऊ ब्रश मागितला, आणि त्यांचा हात पूर्वीसारखा चालायला लागला. चार बोटं कुंकवाने आणि कपाळ घामाने भरलं होतं. पुसून झालं, वाळू दिलं, झाकण बसवलं. आकडा खाली आला, आणखी खाली आला आणि शून्यावर जाऊन बसला. मॅडमनी एक कुपी ठेवली, दुसरी ठेवली, आपल्या मोठ्या यंत्राशी ताडून बघितलं. पुन्हा अंधार केला. शून्य. मग चष्मा काढून म्हणाल्या, "दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, आज हवा दमट आहे, उद्या येतो. यंत्र मला चालेल."

खाली आल्यावर शेखर सर म्हणाले, "काका, खोली तुमची. विषय संपला." त्यांना पुढे मुलुंडला जायचं होतं, म्हणून आम्ही दोघं बसच्या थांब्यावर आलो. मी आनंदाने काहीबाही बडबडत होतो. साहेब म्हणाले, "लेखकराव, दिवाळीपर्यंत मी पाटीलबाईंना सगळं शिकवून टाकतो. त्यांचा हात आहेच, डोकंही आहे. मग मी काही येणार नाही."

"अहो, पण खोली राहिली ना!"

"खोली राहिली म्हणूनच. पुढच्या वेळी घाबरलो तर आणखी काय लावीन, सांगता येत नाही. आता त्या खोलीत गळती म्हणाल तर मीच आहे."

मला फार वाईट वाटलं. काहीतरी बोलावं म्हणून मी त्यांच्याकडे वळलो, आणि तेव्हा मला दिसलं. कपाळावरचा घाम पुसताना त्यांच्या हाताचं कुंकू कपाळभर फासलं गेलं होतं. मघापासून सामंत मॅडमनी पाहिलं असणार, शेखर सरांनी पाहिलं असणार, आणि एकालाही ते सांगायचा धीर झाला नव्हता.

दिवाळीपर्यंत ते रोज येत होते आणि मी त्यांना रोज बघत होतो. पण त्यांची आठवण काढली की मला ते दिसतात ते ठाण्याच्या त्या थांब्यावर. त्यांची कल्याणची बस आली. गर्दी होती. ते चढले, मी खालीच थांबलो. खिडकीशी बसलेल्या एका बाईंनी त्यांच्याकडे बघितलं, लगबगीने मुलाला मांडीवर ओढलं आणि म्हणाल्या, "या काका, बसा. देवीला जाऊन आलात वाटतं? लांबून आलात?"

साहेबांनी कपाळाला हात लावला. बोट डोळ्यांसमोर धरून नीट बघितलं. मी खालून माझा रुमाल वर करून दाखवला. एवढंसं चुकीचं रीडिंग दिसलं तर जेवण सोडून दुरुस्त करणारा तो माणूस. त्यांनी माझ्या रुमालाकडे बघून मान हलवली, बाईंना म्हणाले, "हो, जरा लांबच होती," आणि कपाळ तसंच ठेवून त्यांच्या शेजारी बसले.